फुटबॉल कधीच खेळलो नाही, कॉलेजच्या ट्रायल्सना जाऊ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळ तालुक्यातल्या गावातून तू यंदा सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलास. शाळेत खो-खो खेळलास, गल्लीत क्रिकेट. फुटबॉल फक्त पाहिलायस. २०२२ च्या वर्ल्ड कपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल मोबाइलवर बघितलीस, तेव्हापासून हा खेळ डोक्यातून जात नाही. आता जिमखान्याच्या फलकावर संघनिवडीची सूचना लागलीय आणि हातात पाच आठवडे आहेत. एकदाही अकरा जणांच्या संघात न खेळलेल्या मुलानं तिथं जावं का, गेलं तर बाकीचे हसतील का, आणि पाच आठवड्यांत नेमकं काय शिकावं, हे तू विचारतोयस.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात वीसेक वर्षं शारीरिक शिक्षणाचं काम करतो आणि फुटबॉलचा संघ बघतो. वयानं तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणून एकेरीत बोलतो.

जा. त्यात दुमत नाही. पण काय घेऊन जायचं हे नीट ठरवून जा, कारण तू जी तयारी करायच्या विचारात आहेस ती चुकीच्या बाजूनं सुरू होतेय. तू लिहिलंयस की रोज यूट्यूब बघून ड्रिबलिंगच्या युक्त्या शिकतोयस आणि बॉल पायावर उडवण्याचा सराव करतोयस. त्या वाटेनं तुला पाचवीपासून फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या जवळपासही पाच आठवड्यांत पोचता येणार नाही. तो मुलगा तिथं असणारच आहे, आणि तू त्याच्याच हातखंड्याच्या गोष्टीत त्याच्याशी बरोबरी करायला गेलास की तुझं नवखेपण पहिल्या मिनिटाला उघडं पडेल. ज्याच्या पायात बॉल अजून बसलेला नाही असा मुलगा संघाच्या कामाचा कसा ठरू शकतो, हे शोधायला हवं.

एक साधा हिशेब करू. सामना नव्वद मिनिटांचा. बॉल बाहेर जाणं, फाउल, थ्रो, कॉर्नर यांत जाणारा वेळ काढला तर प्रत्यक्ष खेळ साठेक मिनिटांचा उरतो. मैदानात बावीस जण आणि बॉल एक. सगळ्यांना सारखा वाटला तरी एकाच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. उरलेला सगळा वेळ तू बॉलशिवाय असतोस. कुठं उभा आहेस, कोणाला धरलं आहेस, कधी पळतोस, कधी थांबतोस, हे सगळं त्या वेळात घडतं. तिथं दहा वर्षांचा अनुभव लागत नाही. लक्ष, दम आणि समजून घ्यायची तयारी लागते, आणि त्यातलं बरंच पाच आठवड्यांत जमतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. सोलापुरात अशी कॉलेजं आहेत जिथं अकरा जण जमवायला सरांना वर्गावर्गात फिरावं लागतं, आणि अशीही आहेत जिथं अठरा जणांच्या संघासाठी चाळीस मुलं रांगेत असतात. तुझं कॉलेज यातलं कुठलं हे तूच शोधू शकतोस. या आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बस. जुनी मुलं किती येतात ते मोज. गेल्या वर्षीच्या संघातली किती जण तिसऱ्या वर्षाला होती आणि बाहेर पडली ते विचार. त्यातही बचावातली किती गेली हे विचारायला विसरू नकोस, कारण तुझी जागा तिथं निघण्याची शक्यता जास्त आहे. एवढ्या चौकशीतच सरांना तुझा चेहरा ओळखीचा होईल.

एक गोष्ट मात्र सोलापुरात तुझ्या बाजूनं आहे. मी शिकत होतो तेव्हा आपली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. विद्यापीठाच्या संघनिवडीला गेलं की समोर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असल्या तालमींच्या संघांची मॅच बघत वाढलेली पोरं. कोल्हापुरात फुटबॉल पेठेतच असतो. तिथल्या पोराला ऑफसाइडचा नियम कुणी शिकवावा लागत नाही, घरातल्या गप्पांतच तो कानावर पडतो. आमच्यासारख्यांचा त्या मुलांपुढं निभाव लागणं अवघड होतं. २००४ साली सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, तेही एका जिल्ह्यापुरतं, आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणारी मुलं याच जिल्ह्यातली असतात. माढा, बार्शी, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढा. यातल्या पुष्कळ मुलांच्या शाळेत फुटबॉल हा खेळच नव्हता. खो-खो, कबड्डी, क्रिकेट खेळून आलेली ही मुलं फुटबॉलला पहिला पाय कॉलेजात लावतात. माझ्या संघातही दरवर्षी अशी चार-पाच असतात. त्यामुळे हसण्याची भीती मनातून काढ. हसणारा एखादा असतोच, पण त्याच्या शेजारी उभी असलेली दोन मुलं दोन वर्षांपूर्वी तुझ्याच जागी होती.

निवडीच्या वेळी मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुला तयारीची दिशा कळेल. माझ्या हातात पुठ्ठ्यावर लावलेला एक कागद असतो, मधोमध रेघ मारलेली. डाव्या रकान्यात बॉल पायात असताना मुलानं काय केलं, उजव्यात बॉल नसताना काय केलं. सुरुवातीच्या वर्षांत मी हा उजवा रकाना ठेवत नव्हतो. ठेवायला लागलो तो एका मुलामुळे. अक्कलकोटकडचा होता, अंगानं किडकिडीत, पाठीला चौदा नंबरची चिठ्ठी. त्याचे पहिले दोन पास नडगीला लागून बाहेर गेले आणि मी वीस मिनिटांत त्याच्या नावावर काट मारली. पुढच्या आठवड्यात सरावाच्या मॅचला एक जण कमी पडला, म्हणून निरोप पाठवून त्याला बोलावलं आणि उजव्या साइड बॅकला, म्हणजे बचावफळीच्या उजव्या कडेला, उभं केलं. आमचा सगळ्यात चपळ विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, त्याच्या समोर होता. त्या संध्याकाळी त्या विंगरला एकही बॉल मोकळा मिळाला नाही. मॅच संपल्यावर मी त्या मुलाला विचारलं, हे कुठं शिकलास? तो म्हणाला, "सर, ट्रायलला पण हेच करत होतो." आणि ते खरं होतं. मी बॉलकडे बघत होतो, म्हणून तो मला दिसलाच नव्हता. पुढं तीन वर्षं तो संघात खेळला. बॉलवर त्याचा पाय कधी फार सफाईनं बसला नाही, पण त्याच्या बाजूनं गोल झालेले मी बोटांवर मोजून सांगू शकतो.

सगळे सर असा कागद ठेवत नाहीत हे खरं. पण कुठल्याही चांगल्या सरांच्या मनात हा रकाना असतो. बॉलवरची सफाई एका हंगामात शिकवता येत नाही हे त्यांनाही माहीत असतं. म्हणून नवख्या मुलात ते पळण्याची तयारी बघतात, सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागतं का ते बघतात, आणि चूक झाल्यावर तो मान खाली घालतो की माघारी पळतो हे बघतात.

तुझ्याकडे खो-खो आहे, ही मोठी शिदोरी आहे. पण त्यातलं काय उपयोगी आणि काय अडचणीचं, हे वेगळं करायला हवं. खो-खोत पळती करताना तू पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याकडे, कमरेकडे बघून त्याची दिशा ओळखतोस, हुलकावणी देतोस, चवड्यावर राहतोस. हे सगळं बचावाला जसंच्या तसं लागू पडतं. समोरचा विंगर पायांनी शंभर हुली दाखवेल, पण त्याची कंबर खोटं बोलत नाही. अडचण पाठलागाच्या सवयीची आहे. खो मिळाल्यावर एकदा दिशा घेतली की माघारी वळता येत नाही, म्हणून खो-खोचा मुलगा झेप घेतो ती पुरती घेतो. शेवटी सूर मारतो. फुटबॉलमध्ये असा झेपावलास की समोरचा बॉल बाजूला सारतो आणि तू जमिनीवर राहतोस. खो-खोतून आलेल्या प्रत्येक मुलाला मला पहिले दोन आठवडे हेच सांगावं लागतं, "सूर मारू नको, उभा राहा." दुसरी उणीव दमाची. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि एक डाव नऊ मिनिटांचा. फुटबॉलचं मैदान साधारण शंभर मीटर, आणि तिथं मधे तुला बसून वाट बघायला मिळत नाही.

या सगळ्यावरून माझा सल्ला असा की तू साइड बॅकची तयारी कर. स्ट्रायकरच्या, म्हणजे पुढं राहून गोल मारणाऱ्याच्या, जागेला निम्मी मुलं जाऊन उभी राहतात, तिथं तुझ्याकडे कुणी बघणारही नाही. मधल्या फळीत चारी बाजूंनी दबाव येतो, पाठीमागून कोण येतंय हे कळायला अनुभव लागतो. सेंटर बॅक बचावाच्या मधोमध असतो, त्याची एक चूक म्हणजे थेट गोल. साइड बॅकच्या एका बाजूला मात्र रेघ असते, त्यामुळे धोका अर्धाच उरतो. नवख्यासाठी मैदानावरची ही सगळ्यात समजण्याजोगी जागा आहे.

तिथं उभं कसं राहायचं? पहिलं म्हणजे तुझा माणूस आणि तुझा गोल यांच्या मधे कायम तू हवास. सोपं वाटतं, पण बॉल दुसऱ्या बाजूला गेला की नवा मुलगा बॉल बघत राहतो आणि त्याचा माणूस पाठीमागून सरकतो. दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून माणूस कुठं आहे ते बघ. दुसरं, तो बॉल घेऊन तुझ्यावर आला की सरळ छाती करून उभा राहू नकोस. एक पाय पुढं, एक मागं, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, हातभर अंतर, आणि त्याला रेघेकडे जायला वाट ठेव. तो आत वळला तर समोर गोल आहे, बाहेर गेला तर समोर रेघ आहे. मागं मागं सरकत राहा. आपला दुसरा माणूस मदतीला येईपर्यंत त्याला रखडवलंस की काम झालं. बॉल हिसकावलास तर उत्तमच, पण तुझ्याकडून ती अपेक्षा पहिल्या दिवशी कुणी करत नाही. त्याचा बॉल पायापासून जरा लांब सुटला की तेवढ्यापुरता पाय घाल.

तिसरी गोष्ट ऑफसाइडची, आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक नवी मुलं हा नियम फक्त पुढं खेळणाऱ्यांचा समजतात. पास निघतो त्या क्षणी समोरच्या संघाचा खेळाडू तुमच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्या पुढं आणि तुमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढं असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी. त्या जागेवरून त्यानं खेळात भाग घेतला की शिट्टी. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही. शेवटचा माणूस बहुधा गोलकीपर असतो, म्हणजे शेवटून दुसरा हा बचावातला कुणीतरी. तो जर तू असशील आणि बाकीच्या तिघांपेक्षा दोन पावलं मागं रेंगाळत असशील, तर समोरच्या सगळ्या स्ट्रायकरांना तू एकट्यानं परवानगी देऊन ठेवलीस. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमचं असंच झालं. तिघं बॅक हात वर करून उभे, ऑफसाइड म्हणून ओरडतायत, आणि रेषेवरच्या पंचाचा झेंडा खालीच. पलीकडच्या बाजूला आमचा डावा बॅक बुटाची नाडी बघत मागं राहिला होता. गोल योग्यच होता. तेव्हापासून मी प्रत्येक साइड बॅकला सांगतो की शेजारच्या सेंटर बॅकच्या खांद्याला खांदा लावून रेषा धर. तो पुढं सरकला की तूही सरक, तो मागं आला की तूही ये. ट्रायलमध्ये एखादा नवा मुलगा ही रेषा सांभाळताना दिसला तर मी त्याचं नाव विचारतो.

बॉलचं काय, तर तीनच कामं धर. जवळच्या माणसाला पायाच्या आतल्या बाजूनं पास, येणारा बॉल थांबवणं, आणि नियमात बसणारा थ्रो-इन. बाकी सगळं पुढच्या वर्षासाठी ठेव. पाच नंबरचा बॉल घे, मोठ्या माणसांचा सामना त्याच मापाच्या बॉलनं होतो. आपल्या मुरमाड मैदानांवर घासून लवकर फाटणार नाही असा रबरी आवरणाचा बॉल परवडतो. मग एक भिंत शोध. हॉस्टेलच्या कंपाउंडची चालेल, फक्त वॉचमनकाकांना आधी विचार. पाच-सहा मीटरवरून भिंतीवर पास मार, परत आलेला बॉल एका स्पर्शात थांबव, दुसऱ्या स्पर्शात परत मार. रोज उजव्या पायानं शंभर, डाव्यानं शंभर. पास मारताना टेकलेल्या पायाचं बोट जिकडं, बॉल तिकडं जातो, हे पहिल्या दोन दिवसांत तुझं तुलाच कळेल. थांबवताना पाय ताठ ठेवलास की बॉल दगडावर आपटल्यासारखा उडतो. बॉल लागता लागता पाय जरा मागं घे, सुती कापडात झेलल्यासारखा. आणि दुसऱ्या आठवड्यापासून एक सवय लाव. बॉल भिंतीवरून परत येत असतानाच एकदा मान वळवून मागं बघ. मैदानात तेवढ्या अर्ध्या क्षणात मागून येणारा माणूस दिसतो. थ्रो-इन मोफत गुण आहेत असं समज. दोन्ही पाय रेघेवर किंवा रेघेबाहेर, जमिनीला टेकलेले, बॉल दोन्ही हातांनी डोक्याच्या मागून डोक्यावरून. साइड बॅकला हे काम सामन्यात पुन्हा पुन्हा येतं आणि कितीतरी मुलं पाय उचलून ते वाया घालवतात.

दमासाठी माझं एक साधं मोजमाप आहे. बारा मिनिटांत किती मीटर पळतोस ते मोज. चारशे मीटरच्या सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर झाले की मी समाधानी असतो. आज तुझे अठराशे झाले तरी बिघडलं नाही. आठवड्यातून दोनदा असं सलग पळ, दोनदा वीस-तीस मीटरचे तुकडे जोरात आणि मधे चालत परत. फुटबॉलमधलं पळणं या तुकड्यांचंच असतं. सलग दोन दिवस जोराचं पळू नकोस. नव्या मुलांची नडगी आणि मांडीची मागची शीर तिसऱ्या आठवड्यात बोलायला लागते, ती उत्साहात केलेल्या अतिरेकामुळे. नडगीवर बोट ठेवलं की एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल तर पळणं थांबव आणि डॉक्टरला दाखव. पळताना कधी छातीत दुखलं, चक्कर आली किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झालेला असेल, तर सुरुवात करण्याआधीच तपासून घे. हे मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि त्यात तडजोड करत नाही.

वेळ सकाळची ठेव, सहा ते साडेसात. सोलापूरचं ऊन तुला नवीन नाही, पण उन्हात शेतात काम करणं वेगळं आणि उन्हात जोरात पळणं वेगळं. शिवाय आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, नेमका निवडीच्या आणि सामन्यांच्या सुमाराला. काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडला की बुटाला चिखलाचे गोळे लागतात आणि पास अर्ध्यात थांबतो, तेव्हा पास जरा जोरात द्यावा लागतो. उघडीप पडली की तेच मैदान खणखणीत होतं आणि बॉल गुडघ्याएवढा उसळतो. म्हणून भिंतीवरचा सराव फक्त गुळगुळीत फरशीवर करू नकोस, आठवड्यातून दोन दिवस खडबडीत जागी कर. बूट घेताना लांब, मोजक्या स्टडचे (स्टड म्हणजे बुटाच्या तळाचे उंचवटे) घेऊ नकोस. ते मऊ हिरवळीसाठी असतात, आपल्या कडक जमिनीवर टाच आणि घोटा दुखवतात. आखूड रबरी स्टड भरपूर असलेले बूट घे, आणि ट्रायलच्या आधी निदान दहा दिवस वापर. शिनपॅड, म्हणजे नडगीवर बांधायचे पॅड, स्वतःचे हवेतच. नियमानंही ते सक्तीचे आहेत, आणि पहिल्याच दिवशी नडगीवर लाथ खाल्लेला मुलगा दुसऱ्या दिवशी सहसा येत नाही.

तू विचारलेलं नाहीस, तरी गोलकीपरबद्दल सांगतो. क्रिकेटमध्ये तू विकेटकीपिंग करायचास असं लिहिलंयस. उंच बॉल न घाबरता झेलणं, सूर मारणं आणि पडून लगेच उठणं तुझ्या अंगात असेल तर ही वाटही खुली आहे, आणि बऱ्याच कॉलेजांत दुसरा गोलकीपर मिळत नाही. पण गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, आणि मुरमावर सूर मारणं म्हणजे कोपर आणि खुबा सोलून घेणं आहे. पडायचं कसं हे कुणाकडून तरी शिकल्याशिवाय मुरमावर उडी मारू नकोस. दुसरी जागा मिळत नाही म्हणून गोलमध्ये उभं राहणाऱ्या मुलाचा जीव तिथं फार दिवस रमत नाही, हे मी पाहिलंय. आवड असेल तरच जा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात काहीही करून लोकांबरोबर खेळ. एकट्यानं भिंतीवर केलेला सराव माणसं अंगावर आली की निम्मा विसरतो. संध्याकाळी ज्या मैदानावर मुलं पाच-पाच, सात-सात जणांचे संघ करून खेळतात तिथं जा आणि एक जण कमी आहे का विचार. इथल्या मैदानांवर मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं एका दमात ओरडलं जातं. तू मराठीत ओरडलास तरी चालतं, पण ओरड. "मागं माणूस", "वेळ आहे", "माझा". जुन्या खेळाडूंना गप्प साइड बॅक आवडत नाही.

ट्रायलच्या दिवशी ओळखपत्र, बारावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेव, कुठं काय मागतील सांगता येत नाही. दोन तास आधी हलकं खा. अर्धा तास लवकर पोच आणि सरांना आपणहून सांग, "सर, मी खो-खो खेळलोय. फुटबॉल गेले पाच आठवडे शिकतोय. साइड बॅकला प्रयत्न करीन." लपवू नकोस. नवखेपण पाच मिनिटांत दिसतंच, पण आधी सांगितलंस तर सर तुझ्याकडे त्या नजरेनं बघतात, आणि तुझा चांगला पास त्यांना दुप्पट चांगला दिसतो. जोडीनं पास करायला सांगतील तेव्हा आपल्यासारखाच नवा मुलगा शोधू नकोस. चांगल्या मुलासमोर उभा राहा, त्याचे पास नीट येतात, त्यामुळे तुझेही नीट थांबतात. मॅच सुरू झाली की बॉल आला तर दोन स्पर्शांत जवळच्याला दे. अंगावर आला आणि काहीच सुचलं नाही तर बाहेर मार, त्यात कमीपणा नाही. आणि तुझ्याकडून बॉल गेला की त्याच क्षणी वळ आणि माघारी पळ. हातवारे, कपाळावर हात, सॉरी सॉरी, यातलं काही नको. निवडीच्या वेळी माझी पेन्सिल सगळ्यात जास्त त्या चार सेकंदांत चालते.

नाव यादीत नाही आलं तर? शक्यता आहे, आणि ती लहान नाही. तेव्हा सरांकडे जाऊन एवढंच विचार की सरावाला येत राहू का. अठरा जणांचा संघ आपापसात मॅच खेळायला घेतला की बावीस भरायला चार कमी पडतात, त्यात कुणी आजारी, कुणाचं प्रॅक्टिकल. रोज येणाऱ्या एकोणिसाव्या मुलाला नाही म्हणणारे सर मी तरी पाहिले नाहीत. तू पहिल्या वर्षाला आहेस, तुझ्याकडे अजून दोन निवडी आहेत. फक्त सोलापुरातल्या ‘होम मैदाना’च्या भरवशावर राहणार असशील तर लक्षात ठेव, जानेवारीत तिथं सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. आधीपासून पाळणे उभे राहायला लागतात आणि मैदान बरेच दिवस खेळायला मिळत नाही. त्या काळासाठी दुसरी जागा आत्ताच बघून ठेव. माझी दोन-तीन चांगली मुलं त्या खंडात सुटली ती परत आलीच नाहीत.

आता मला एक सांग. शाळेच्या संघात तू जास्त करून पळतीला पहिल्या तुकडीत उतरायचास, की पाठलागात खांबापाशी बसायचास? आणि उजव्या पायाचा आहेस की डाव्या? डाव्या पायाचा असशील तर डावीकडची जागा बघू. जिल्ह्यात डाव्या पायाचे साइड बॅक मला आजवर फार थोडे मिळाले आहेत, आणि तसं असेल तर भिंतीवरच्या सरावात मला थोडा बदल सुचवायचा आहे.